चौकातला हापसा : बोअर दुष्काळातला, मग ओट्यावर १९८१ कसं?

आडवाट

मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी बाजाराच्या तोंडाशी एक हापसा आहे. सात-आठ वर्षं झाली, बंदच आहे. दांड्याला तार गुंडाळलेली आणि ओट्यावर भाजीवाल्यांच्या रिकाम्या क्रेट रचलेल्या. आता त्या रस्त्याचं काँक्रीटीकरण निघालंय आणि हापसा भंगारात जाणार, असं कानावर आलं. मी अर्ज दिलाय. अर्ज देताना मला विचारलं गेलं, "या हापशाला इतिहास काय आहे?" मला चार वाक्यंसुद्धा धड सांगता आली नाहीत, आणि ते फार लागलं. तीन पिढ्या ज्याचं पाणी प्यायल्या, त्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही!

म्हणून हा धागा. जे जमवलंय ते असं :

माझे बाबा ठामपणे सांगतात की हा बोअर बहात्तरच्या दुष्काळात घेतला. ते तेव्हा दहा वर्षांचे होते. मशीन आलं तेव्हा शाळा सोडून सगळी पोरं बघायला गेली होती. आवाज एवढा की बाजारात बोललेलं ऐकू येईना, आणि भोकातून पांढरी भुकटी उडून सगळ्यांचे केस पांढरे झाले. मग एकदम भुकटीचा चिखल झाला आणि बायका रडायला लागल्या. सुकडी आणि मिलो (तेव्हा वाटलेली परदेशी लाल ज्वारी) खाऊन काढलेलं ते वर्ष बाबांना अजून तारीखवार आठवतं, त्यामुळे त्यांच्या आठवणीवर माझा विश्वास आहे.

पण ओटा घासून स्वच्छ केला, तर सिमेंट ओलं असताना काडीने कोरलेला आकडा निघाला : १९८१.

तिसरी गोष्ट. हापशापासून चार हातांवर एक बिडाचा खुंट जमिनीत पुरलेला आहे. बाजारच्या दिवशी त्याला बैल बांधायचे. मी तो लहानपणापासून खुंटच समजत होतो. परवा नीट पाहिलं तर त्याला वरच्या अंगाला तोटीसारखं एक तोंड आहे, सिमेंटने बुजवलेलं.

बाबा चुकतायत का? हा खुंट काय आहे? फोटो खाली लावलेत. ज्यांना या विषयातलं कळतं त्यांनी कृपया लिहा.

मधलीआळी

आमच्याकडेही असाच एक आहे, पण दांडासुद्धा गायब. वाचतोय.

सव्वाइंची

फोटो पाहिले. तुमचे बाबा बरोबर आहेत आणि ओट्यावरचा आकडाही बरोबर आहे. बोअर एका वेळचा, पंप दुसऱ्या वेळचा. आणि तो खुंट म्हणजे त्या बोअरवरचा पहिला पंप आहे.

मी जिल्हा परिषदेच्या हातपंप दुरुस्ती पथकात एकोणतीस वर्षं काम केलं, आता निवृत्त आहे. सविस्तर लिहितो, कारण हे लिहून ठेवणारं कुणी उरलेलं नाही.

दुष्काळाच्या काळात खडक फोडणारी हवेच्या दाबावरची यंत्रं आली. युनिसेफने १९६७च्या बिहारच्या दुष्काळापासून ती भारतात आणायला सुरुवात केली होती. आपल्या राज्याचा चार पंचमांश भाग काळ्या पाषाणाचा. पूर्वी त्यात हाताने विहीर खणायला महिनेच्या महिने जायचे, सुरुंग लावावे लागायचे. हे यंत्र भोकाच्या तळाशी हातोडा घेऊन जातं आणि एक-दोन दिवसांत दोनशे फूट खाली उतरतं. तुमच्या बाबांच्या डोक्यावर बसलेली पांढरी भुकटी म्हणजे हवेने वर फेकलेला खडकाचा चुरा.

भोकं झाली, पण त्यावर बसवायला पंप कुठला? तेव्हा बाजारात मिळायचे ते बिडाचे ओतीव पंप. युरोप-अमेरिकेत शेतावरच्या एका कुटुंबासाठी जे पंप होते त्यांच्या नकला. तुमच्या खुंटाचं तोंड पाहा, त्यावर नळीच्या वरच्या बाजूला दोन कान दिसतात. त्यात खिळ घालून दांडा अडकवायचे. असे दोन-तीन सांधे, सगळे खिळींवर. खिळ झिजली की दांडा डगमगायचा, मग दांड्यापासून खाली पिस्टनपर्यंत गेलेली सळई तिरकी ओढली जायची आणि एक दिवस कान तुटायचा. बीड सहजी जोडता येत नाही. कान तुटला की पंप गेला.

हिशेबच मांडतो. घरात सहा माणसं, माणशी ४० लिटर, म्हणजे दिवसाला २४० लिटर. एका दांड्याला, म्हणजे दांडा एकदा पूर्ण मारला की, साधारण ०.४ लिटर पाणी येतं असं धरा. म्हणजे दिवसाला ६०० दांडे. आता सरकारी निकष काय होता? २५० माणसांमागे एक हातपंप, माणशी ४० लिटर. १०,००० लिटर. म्हणजे दिवसाला पंचवीस हजार दांडे! चाळीसपट. घरगुती पंप गावाच्या मधोमध उभा केला, तो टिकेल कसा? सत्तरच्या दशकाच्या मध्याला देशभरातल्या हातपंपांची पाहणी झाली तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश बंद निघाले. लोक म्हणायचे गावकरी नीट वापरत नाहीत. गावकऱ्यांचा काही दोष नव्हता, पंपच त्यांच्यासाठी बनलेला नव्हता.

याचं उत्तर कुठे सापडलं ते मराठी माणसाला माहीत असायला हवं. जालना आणि सोलापूर. जालन्यात स्कॉटिश मिशनचा विहिरींचा प्रकल्प होता. तिथल्या लोकांना स्वतः बसवलेले पंप स्वतःच दुरुस्त करावे लागत होते, म्हणून त्यांनी बीड सोडून लोखंडी पत्रा-पाइप वेल्ड करून पंप बनवला आणि दांड्याचे सगळे सांधे काढून एकच आस ठेवला. सोलापूरच्या कारागिरांनी तो पुढे नेला. मोठ्या कॉलेजातून शिकून आलेली ही माणसं नव्हती, वर्कशॉपमध्ये हात काळे करून शिकलेली होती. सोलापूर पंप हे नाव आमच्या पथकातले जुने लोक फार आदराने घ्यायचे.

नंतर केंद्र सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी देशभरासाठी एक पंप ठरवायचं मनावर घेतलं, तेव्हा पाया म्हणून सोलापूर पंपच घेतला. त्यात सुधारणा झाल्या, कोइमतूरच्या परिसरात खोल बोअरवर चाचण्या झाल्या, रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कंपनीने उत्पादन सुरू केलं आणि १९७९ला आयएस ९३०१ हे मानक आलं. हाच इंडिया मार्क २. तुमच्या चौकात १९८१ला बसवला तो हा. जुना बिडाचा पंप काढून कुणीतरी बैल बांधायला पुरला, एवढंच.

आडवाट

काका, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही. बाबांना वाचून दाखवलं. "दिवसाला पंचवीस हजार" ऐकल्यावर ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यातले तुझ्या आजीचे किती असतील?"

एक शंका. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आत साखळी दिसते, सायकलसारखी. ती कशाला?

सव्वाइंची

तीच तर मार्क २ची खरी कमाल. दांडा गोलात फिरतो, सळईला मात्र सरळ वर-खाली जायचं असतं. म्हणून दांड्याच्या आतल्या टोकाला वर्तुळाचा तुकडा असतो, आम्ही त्याला चतुर्थक म्हणत नसू, सरळ 'क्वाड्रंट' म्हणायचो. साखळी त्याच्यावरून लपेटत जाते, त्यामुळे सळई कायम मध्यावर राहते आणि तिरका ओढा बसत नाही. दांडा बेअरिंगवर फिरतो, खिळीवर नाही.

दांडा भरीव चौकोनी गजाचा असतो तो उगाच नाही. ३० मीटर खोल पाणी असेल तर पिस्टनवर सुमारे ९५ किलोचा भार येतो, वर सळयांचं वजन पंचवीस-सत्तावीस किलो. दांड्याचा फायदा एकास आठ, म्हणजे हाताला पंधरा किलोच्या आसपास. त्यात दांड्याचं स्वतःचं वजन मदतीला येतं. म्हणून दहा वर्षांची पोरगीही हापसू शकते.

कळशीभर

हापसू शकते, पण लोंबकळून!

मी नऊ वर्षांची असल्यापासून भरलंय. एकटीच्याने दांडा खाली यायचा नाही, म्हणून मी आणि माझी चुलत बहीण दोघी मिळून उडी मारून धरायचो आणि पाय जमिनीवरून सुटायचे. उन्हाळ्यात पहाटे साडेतीनला नंबर लावायला जायचो. माणसं नसायची तिथे, रांगेत नुसत्या घागरी. प्रत्येकीची घागर तिच्या जागी उभी, कुणी पुढे सरकवली तर सकाळी भांडण. वडीलमाणसांत ते भांडण दोन-दोन पिढ्या चाललेलं मी पाहिलंय.

लांबूनच आवाजावरून कळायचं कोण हापसतंय. माझी आई लांब, सावकाश दांडे मारायची. शेजारच्या काकू भराभर अर्धे दांडे मारायच्या. त्यांचा हंडा भरायला वेळ लागायचा आणि त्यांना ते पटायचं नाही.

पंधरा लिटरचा हंडा भरायला चाळीसेक दांडे. सकाळच्या आठ खेपा. म्हणजे रोज तीनशेच्या वर, शाळेत जायच्या आधी. माझ्या उजव्या तळहाताला इथे, अंगठ्याच्या खाली, घट्टा होता. लग्नानंतर नळाच्या घरात आले तेव्हा तो हळूहळू गेला. हे सगळं वाईट होतं असं मला म्हणायचं नाही. त्याआधी आई दीड कोसावरून नदीतला झरा उपसून आणायची. हापसा आला तेव्हा तिने त्याला हळद-कुंकू वाहिलं होतं.

इतिहास लिहाल तेव्हा तळहाताचाही लिहा, एवढंच सांगायचं होतं.

मधलीआळी

पूर्ण लांब दांडा मारला तर पिस्टन पूर्ण वर येतो, म्हणून पाणी जास्त येतं. तुमच्या आईचं बरोबर होतं.

पाऊलखुणा

पंपाच्या इतिहासात दांडा काढण्याचीही एक मोठी गोष्ट आहे, ती इथे यायला हवी.

लंडनच्या सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटवर सार्वजनिक पंप होता. पाणी चवीला चांगलं म्हणून लांबचे लोकही तिथलं न्यायचे. ऑगस्ट १८५४च्या अखेरीस तिथे पटकीची (कॉलऱ्याची) साथ भडकली आणि सहाशेवर माणसं गेली. डॉ. जॉन स्नो यांनी कोणत्या घरात किती मृत्यू झाले ते नकाशावर मांडलं, ती घरं त्या पंपाभोवती दाटली होती. जवळच्या बिअर बनवणाऱ्या कारखान्यातले कामगार मात्र वाचले, कारण ते पंपाचं पाणी पीतच नव्हते. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. साथ तोवर ओसरायला लागली होती, हेही स्नो यांनी स्वतः मान्य केलंय. नंतर तिथले धर्मगुरू हेन्री व्हाइटहेड यांनी घरोघर फिरून शोध घेतला आणि ४० नंबरच्या घरातल्या आजारी बाळाचे लंगोट धुतलेलं पाणी ज्या शौचकुंडात टाकलं, ते पंपाच्या विहिरीला लागूनच झिरपत होतं असं निघालं.

त्यावेळी रोग घाणेरड्या वासामुळे होतो असं बहुतेक डॉक्टर मानत. सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास शिकवताना आजही त्या दांड्यापासून सुरुवात करतात. तिथे आता बिनदांड्याचा पंप स्मारक म्हणून उभा आहे.

आडवाट, तुमचा हापसा बाजारात आहे. आजूबाजूला गटारं असतील. पुन्हा चालू करायचा विचार असेल तर हे विसरू नका.

सव्वाइंची

अगदी खरं. म्हणूनच मार्क २चे तीन पाय काँक्रीटमध्ये गाडतात आणि खालचा पाइप बोअरच्या केसिंगवरून, म्हणजे भोकाच्या तोंडाला बसवलेल्या पाइपवरून, घालतात. जुना बिडाचा पंप थेट केसिंगवर बोल्टने बसवायचे. तो हलायचा, सांधा मोकळा व्हायचा आणि ओट्यावरचं सांडपाणी सरळ बोअरमध्ये. ओट्याला तडा गेला असेल तर आधी तो बुजवा. पाणी वाहून न्यायची नाली किमान पंप सोडून लांब गेली पाहिजे.

उताराकडे

मी काही दिवस हा धागा वाचत होतो. लिहू की नको असं झालं, पण 'सार्वजनिक' हा शब्द एवढ्या वेळा आला की लिहितोच.

आमच्या गावात १९८०च्या आसपास हापसा आला तो गावठाणात. आमची वस्ती उताराला. हापसा सार्वजनिक होता, पण आमच्या आयांनी बाजूला उभं राहायचं आणि गावातल्या बायकांचं भरून झालं की जायचं. आमच्या बाईनंतर गावातली कुणी आलीच, तर ती आधी दांड्यावर पाणी ओतायची, तोटी धुवायची आणि मग हापसायची. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. पाच-सहा वर्षांनी वस्तीत वेगळा बोअर झाला, तेव्हा आम्हाला आनंद झाला आणि गावालाही झाला. दोन्ही आनंदांची कारणं वेगळी होती.

१८६८ला जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद खुला केला. ४ ऑगस्ट १९२३ला मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे सर्वांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने १९२४ला तो स्वीकारलाही. कागदावर. चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ उजाडला, बाबासाहेबांबरोबर हजारो लोक चालत गेले. त्यानंतर गावात मारहाण झाली आणि तळं 'शुद्ध' केलं गेलं. न्यायालयातला निकाल शेवटी १९३७च्या मार्चमध्ये लागला.

विहिरीवर वरून पाणी ओतता यायचं. देणारा वर, घेणारा खाली, मध्ये हातभर अंतर. हापशाने ते अंतर संपवलं. दांडा एकच, आणि ज्याला पाणी पाहिजे त्याने तो स्वतःच्या तळहाताने धरला पाहिजे. म्हणूनच तो धुवावासा वाटत होता लोकांना. कळशीभर ताईंनी तळहाताबद्दल लिहिलं ते वाचून हे सगळं वर आलं.

तुमच्या गावच्या हापशाचा इतिहास लिहाल तेव्हा हेही विचारा. कोण कधी भरायचं ते.

कळशीभर

दादा, वाचलं. आमच्या रांगेत कुणाकुणाच्या घागरी नसायच्या, हे मी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. आज आईला फोन करून विचारलं. ती बराच वेळ थांबली आणि म्हणाली, "त्या दुपारी यायच्या, उन्हाच्या." मला तेवढंही माहीत नव्हतं.

आडवाट

उताराकडे, तुम्ही लिहिलंत म्हणून मनापासून आभार. मी बाबांना विचारलं. त्यांनी सांगितलं ते इथे लिहिण्याआधी त्या बाजूच्या लोकांकडून ऐकायचं ठरवलंय. उद्या जातोय.

भूस्तर

भूजलाच्या क्षेत्रात काम करते, दोन मुद्दे जोडते.

पहिला नारूचा. ज्यांचं वय पन्नासच्या आत आहे त्यांना हा शब्द माहीत नसेल. पायऱ्यांच्या विहिरीत, बारवेत लोक पाय बुडवून पाणी भरायचे. ज्याच्या पायात नारू झालाय त्याने पाय बुडवला की जंताची पिल्लं पाण्यात सुटायची, बारीक पाणकीटकांच्या पोटात जायची आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या अंगात शिरायची. साधारण वर्षभराने हातभर किंवा त्याहून लांब जंत कातडी फोडून बाहेर यायचा. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर पाय सडायचा. ऐन पेरणीत माणसं आडवी व्हायची. महाराष्ट्र या रोगाच्या राज्यांपैकी एक होता. पाणी गाळून पिण्याची मोहीम, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणं, पाण्यात औषध टाकणं आणि हातपंप, या सगळ्यांनी मिळून तो घालवला. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६मध्ये राजस्थानात सापडला आणि २०००मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त जाहीर केला. बंद तोंडाच्या बोअरमध्ये कुणाला पाय बुडवताच येत नाही, एवढी साधी गोष्ट.

दुसरा मुद्दा कडू आहे. सगळेच हातपंप मोडल्यामुळे बंद पडलेले नाहीत. नेहमीचा मार्क २ सुमारे ४५ मीटरपर्यंतच काम करतो, जास्त खोलीसाठीचा वेगळा प्रकार ९० मीटरपर्यंत. शेजारच्या शेतात तीनशे-चारशे फुटांचे बोअर झाले, मोटारी रात्रंदिवस चालल्या आणि पाणी हातपंपाच्या हाताबाहेर गेलं. १९९३च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला बंधन घातलं होतं. २००९च्या कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल बोअरला आळा घालायचं ठरवलं. कायदे चांगले आहेत. तुमच्या गावात ते कुणी वाचून दाखवलेत का?

आणि हो, खोल गेलं की पाणी चांगलंच असतं असं नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड निघालं, दात आणि हाडं गेली. मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅमची. पंप चालू कराल त्याआधी फ्लोराइड, नायट्रेट आणि जंतू या तिन्हींची तपासणी करून घ्या. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत होते.

मधलीआळी

आता घरोघर नळ आलेत. २०१९पासूनच्या योजनेत माणशी ५५ लिटर नळाने द्यायचं ठरलंय. मग हापशावर एवढा खटाटोप कशासाठी? चौकात रंगवून ठेवा, खाली पाटी लावा, पुरे की. हे वाईट हेतूने विचारत नाही, खरंच विचारतोय.

भूस्तर

वीज गेली की नळ थांबतो, हापसा थांबत नाही. शिवाय एकाच बोअरवर सौरपंप आणि हातपंप दोन्ही बसवता येतात, आपल्या राज्यात वाड्यावस्त्यांवर अशा दुहेरी पंपाच्या योजना चालू आहेत.

सव्वाइंची

मधलीआळी, रंगवलेला पंप आणि चालता पंप यात फरक आहे. बाकी मी काय सांगू? आडवाट, आधी तो मेलाय की झोपलाय ते बघा. दांडा हलवा. एकदम हलका लागला तर सळई तुटलीय किंवा साखळीपासून सुटलीय. सळयांचं वजन हाताला लागलं पण पाणी नाही, तर वॉशर गेलेत किंवा पाइप फुटलाय. वरचं झाकण एकाच बोल्टवर असतं, ते काढून आत बघा. मग दोरीला दगड बांधून बोअरमध्ये सोडा, पाणी किती खोल आहे ते कळेल.

पाइप वर काढायचे तर तिवई, क्लॅम्प आणि पाच-सहा धट्टी माणसं लागतात. सव्वा इंची पाइप, तीन-तीन मीटरचे तुकडे. पाण्याने भरलेले असतात, हातातून सुटले तर गेले खाली. मार्क ३मध्ये पाइप रुंद ठेवून पिस्टन नुसत्या सळईने वर काढता येईल अशी सोय केली, पण तुमचा मार्क २ आहे, सगळं काढावं लागेल. पथकातल्या माणसाला बरोबर घ्या. एकट्याने करू नका.

वॉशर पूर्वी चामड्याचे असायचे, आता नायट्राइल रबराचे घ्या. जास्त टिकतात.

आडवाट

तीन आठवड्यांनी लिहितोय.

काम थांबवायला महिनाभराची मुदत मिळाली. त्यात हापसा उघडला. आमच्या तालुक्याच्या पथकातला एक तरुण यांत्रिक रविवारी तिवई घेऊन आला, पैसे घेतले नाहीत. ओढायला नऊ जण आले. त्यात उताराच्या बाजूचे तिघे होते. त्यांच्याकडे मी दोन दुपारी बसलो होतो. ते म्हणाले, "आमच्या आयांनी त्या दांड्याला हात लावला तेव्हाची गोष्ट तू लिहिणार असशील, तर ओढायला आम्ही येतो." ती गोष्ट मी त्यांच्या शब्दांत लिहून घेतलीय, त्यांना वाचून दाखवली की इथे टाकेन.

अकरा पाइप निघाले, म्हणजे ३३ मीटर. सातव्या पाइपचे आटे गंजून चाळणी झाली होती. दोरी टाकली तर पाणी १४ मीटरवर. म्हणजे पाणी कधीच कुठे गेलं नव्हतं! सात-आठ वर्षं तो फक्त एका पाइपासाठी आणि वॉशरसाठी थांबलेला होता. सिलिंडर उघडला तेव्हा आतलं पितळ आरशासारखं चकाकत होतं, यांत्रिकाने ते सगळ्यांना हातात घेऊन बघायला लावलं. वॉशरचा मात्र भुगा.

तीन पाइप, सगळे वॉशर आणि साखळी नवी घातली. ओट्याचा तडा बुजवला, १९८१चा आकडा तसाच ठेवलाय. बाबांना खुर्चीवर आणलं होतं. पहिला दांडा त्यांना मारायला सांगितला, तर त्यांनी माझ्या आत्याला पुढे केलं. आधी लाल पाणी आलं, मग गढूळ, मग साठ-सत्तर बादल्यांनंतर नितळ. आत्या थांबायलाच तयार नव्हती.

पाणी तपासायला दिलंय. अहवाल येईपर्यंत कुणी पिऊ नये म्हणून दांडा काढून घरी आणून ठेवलाय. तो दारामागे उभा आहे.

काका, एक विचारायचंय. दांडा काढण्याआधी चाळीस दांडे मारून मोजलं. १३ लिटर भरलं. तुमच्या हिशेबाने १६च्या जवळ यायला हवं ना?

सव्वाइंची

यायलाच हवं. पूर्ण लांब दांडे मारले होते ना? मग कुठेतरी गळतंय. अहवाल आला की दांडा लावा. संध्याकाळी पाणी येईपर्यंत हापसा आणि रात्रभर हात लावू नका. सकाळी पहिलं पाणी कितव्या दांड्याला येतं ते मोजा. दुसऱ्या-तिसऱ्याला आलं तर खालची झडप ठीक आहे, वॉशर बघावा लागेल. जास्त लागले तर झडप किंवा एखादा सांधा.

आडवाट

अहवाल आला. फ्लोराइड आणि नायट्रेट मर्यादेत आहे. जंतू निघाले, म्हणून क्लोरीन टाकून बोअर धुतला आणि पुन्हा नमुना दिला. दुसरा अहवाल स्वच्छ. काल संध्याकाळी दांडा लावला. आज पहाटे पाचला जाऊन मोजलं. अकराव्या दांड्याला पाणी आलं.

सव्वाइंची

मग झडप. पाइप परत काढावे लागतील. या वेळी मला आधी कळवा, मी येतो. रात्रीची बस आहे.